बिलाला सरकारी नमुना, मग पोचपावतीला का नाही?

वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या वर गेली की कारखानदाराला दुसऱ्या धंद्याच्या नावे बिल करताना ई-इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी यंत्रणेत नोंदवलेलं बिल, काढावंच लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून हा नियम आहे. बिलात कोणता रकाना कुठे, तारीख कशी लिहायची, नग की किलो हे कोणत्या संक्षेपात द्यायचं, हे सरकारने एकदा ठरवून टाकलं आणि देशभरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ते पाळलं. आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या प्रेसशॉपचं, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचं, बिल आणि चेन्नईतल्या बड्या कंपनीचं बिल यांचा साचा एकच असतो.

पण धंदा बिलापासून सुरू होत नाही आणि बिलावर संपतही नाही. आधी ऑर्डर येते, मग कोणत्या दिवशी किती माल हवा याचं शेड्यूल येतं, माल जातो, पलीकडे तो मोजला जातो, काही घेतला जातो, काही नाकारला जातो, आणि त्यानंतर कुठे पैशाचं बोलणं निघतं. या बाकीच्या टप्प्यांना सामाईक नमुना नाही. ते प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालतं. ऑर्डर, शेड्यूल, माल मिळाल्याची पोच आणि माल नाकारल्याची नोंद, एवढे चार कागद मोठ्या खरेदीदारांनी एका ठरलेल्या खुल्या नमुन्यात, पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरला थेट वाचता येतील असे आणि फुकट पाठवले पाहिजेत. आणि हे त्यांच्या सौजन्यावर सोडू नये, कायद्याने बंधनकारक करावं. मराठवाड्यातल्या लहान उद्योगाला आणखी एखाद्या सबसिडीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल, असं मी ठामपणे म्हणतो.

मराठवाड्यातच हा प्रश्न इतका का बोचतो, हे आधी सांगतो. १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती पुरवठादारांची साखळी उभी राहिली. पुढे शेंद्र्यात मोटारगाड्या आल्या, चिकलठाण्यात आधीपासूनचे उद्योग होतेच. या साखळीच्या टोकाला मोठी कंपनी, तिच्याखाली तिचे थेट पुरवठादार, त्यांच्याखाली त्यांना माल देणारे, आणि सगळ्यात खाली प्लेटिंग, पावडर कोटिंग, मशिनिंगचं जॉबवर्क करणारे पाच-दहा माणसांचे शेड. आपल्याकडची कारखानदारी मुख्यतः या खालच्या दोन पायऱ्यांवरची. म्हणजे ऑर्डर देणारा कायम वरचा आणि घेणारा कायम आपला. वरच्याने जी पद्धत लावली ती खालच्याला लागली. यात कुठल्या एका कंपनीचा दोष दाखवायचा नाही. रचनाच तशी आहे, म्हणून तर नियम हवा.

रोजच्या कामात हे कसं दिसतं ते पाहा. एका साध्या प्रेसशॉपची तीन मोठी गिऱ्हाइकं आहेत असं धरा. डिस्पॅच सांभाळणारा पोरगा सकाळी आला की पहिल्या गिऱ्हाइकाचं पोर्टल उघडतो, पासवर्ड बदलायची मुदत संपलेली असते ती निस्तरतो, आणि आजचं शेड्यूल एक्सेलमध्ये उतरवून घेतो. दुसऱ्याचं शेड्यूल मेलला पीडीएफ म्हणून आलेलं असतं. तिसऱ्याच्या खरेदी विभागातल्या माणसाने रात्री स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला असतो. तीन ठिकाणचे आकडे हाताने एका कागदावर येतात आणि तो कागद शॉपफ्लोअरवर जातो. एका गिऱ्हाइकाच्या पार्ट नंबरात मध्ये आडव्या रेघा असतात, दुसऱ्याच्या नंबरात शेवटी ड्रॉइंगची सुधारणा दाखवणारं अक्षर असतं, आणि ते अक्षर चुकलं तर माल वेगळाच ठरतो.

दुपारी माल तयार झाला की टॅलीत बिल होतं, त्यावरून ई-इनव्हॉइस निघतं, चौसष्ट अक्षरांचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो, ई-वे बिल निघतं. इथवर सगळं बिनबोभाट. मग तेच बिल, तोच क्रमांक, तीच तारीख, तीच संख्या, मालाच्या वर्गीकरणाचा तोच एचएसएन कोड पुन्हा एकदा गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर हाताने भरून एएसएन करायचं, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना. त्याशिवाय गाडी गेटमधून आत घेत नाहीत. एएसएनवरून लेबलं छापायची, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या लेबलाचा आकार, मजकूर, बारकोड वेगळा. टेम्पो गेटवर पोचतो. स्कॅनर लाल दाखवतो, कारण ऑर्डरमधली शिल्लक संख्या संपली आहे आणि वाढीव ऑर्डर अजून कुणी सिस्टिममध्ये चढवलेली नाही. माल तर हवा असतो, लाइनवर मागणी असते, फोनवर तोंडी हो म्हटलेलं असतं. पण कॉम्प्युटरात नाही म्हणून गाडी उभी. मग फोनाफोनी, मग खरेदीवाला मीटिंगमध्ये, मग टेम्पोवाल्याचं थांबण्याचं भाडं. ते भाडं पुरवठादाराच्या खिशातून जातं.

या सगळ्यात एकही आकडा नवा नाही. शेड्यूल गिऱ्हाइकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांच्या रूपात होतंच. ते पडद्यावर आलं, त्याचा फोटो झाला, माणसाने वाचला, पुन्हा टाइप केला. बिल पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये होतंच. त्याचं पीडीएफ झालं, पलीकडे कुणीतरी पुन्हा भरलं. दोन्हीकडे कॉम्प्युटर आणि मधला पूल मात्र माणसाच्या बोटांचा. चुका होतात त्या या पुलावर.

जगाने हा प्रश्न फार आधी ओळखला. १९४८-४९मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा विमानाने शहराला अन्नधान्य आणि कोळसा पुरवावा लागला. निरनिराळ्या ठिकाणांहून निरनिराळ्या धाटणीचे कागद येत, त्यांचा मेळ बसेना. तेव्हा अमेरिकन सैन्यातल्या एडवर्ड गिल्बर्ट यांनी मालाच्या यादीचा एकच नमुना ठरवला, जो टेलेक्सवर, रेडिओवर किंवा टेलिफोनवरही सांगता येई. पुढे रेल्वे, ट्रक आणि जहाज कंपन्यांनी तोच विचार नेला. १९७९मध्ये अमेरिकेत एक्स-१२ ही मानकं करणारी समिती स्थापन झाली. १९८७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एडिफॅक्ट हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. एडिफॅक्टमध्ये धंद्यातल्या प्रत्येक कागदासाठी ठरलेला संदेश आहे: ऑर्डरचा वेगळा, ऑर्डर मान्य केल्याचा वेगळा, माल पाठवल्याचा वेगळा, माल मिळाल्याचा वेगळा, बिलाचा वेगळा. संख्येच्या ओळीत २१ हा आकडा असेल तर ती मागवलेली संख्या आणि १२ असेल तर पाठवलेली, हे जर्मनीतही तेच आणि जपानातही तेच. माल मिळाल्याच्या संदेशात तर मिळाला आणि स्वीकारला, मिळाला पण नाकारला आणि परत पाठवायचा आहे, अशा स्थितींना वेगवेगळे कोड आहेत. शिवाय संदेश नीट पोचला की नाही याची पोच आपोआप उलट येते. एक्स-१२मध्ये त्या पोचेचा क्रमांक ९९७.

आणि आपल्यालाही हे काही परकं नाही. हुंडी काय होती? लातूरच्या आडत्याने मुंबईच्या पेढीवर लिहिलेल्या चार ओळी, पण त्या ओळींची ठेवण ठरलेली. दर्शनी की मुदती, कुणाला द्यायची, रक्कम किती, आणि रकमेत कुणी फेरफार करू नये म्हणून निम्मी रक्कम लिहून तिची दुप्पट असं पुन्हा लिहायचं. हुंडी हरवली तर तिच्या बदल्यात पेठ, पेठही गेली तर परपेठ. पैसे दिले गेले की तीच हुंडी खोका होऊन जमा. भाषा बदलली, लिपी बदलली, तरी ठेवण कायम राहायची, म्हणून ओळखदेख नसलेली पेढी त्या कागदावर पैसे मोजायची. मानक म्हणजे हेच: समोरच्याची मर्जी न सांभाळताही ज्याच्यावर विसंबता येतं असा कागद.

आता पोर्टलकडे वळतो, कारण मोठ्या कंपन्यांचं ठरलेलं उत्तर हेच असतं की आमच्याकडे पुरवठादारांसाठी पोर्टल आहे, सगळं ऑनलाइन आहे, पुरवठादाराला एक रुपया खर्च नाही. पोर्टलला देवाणघेवाण म्हणणं मला मान्य नाही. देवाणघेवाणीत दोन्ही पक्षांच्या दप्तरी एकच नोंद राहते. पोर्टलवर नोंद एकाच्याच दप्तरी राहते आणि दुसऱ्याला ती बघण्याची परवानगी मिळते. ही परवानगी काढूनही घेता येते. व्हेंडर कोड बंद झाला की लॉगिन बंद, आणि लॉगिनबरोबर पाच वर्षांच्या ऑर्डरी, सुधारणा, पोच, नाकारलेल्या मालाच्या नोंदी सगळ्या गेल्या. वाद नेमका तेव्हाच होतो जेव्हा संबंध संपलेला असतो. शिवाय शेड्यूल महिन्याच्या मध्ये बदललं तर पोर्टलवर नवीन आकडा दिसतो, जुना कुठे होता ते दिसेलच असं नाही. पुरवठादाराने पहिल्या आकड्यावर कच्चा माल घेतला, पत्रा कापला, माल करून ठेवला, आणि मग शेड्यूल अर्ध्यावर आलं. हे नुकसान कुणाचं, हे ठरवायला पुरावा कुठे आहे? स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असला तर आहे.

आणि खर्च नाही हे म्हणणंही खरं नाही. तीन पोर्टलांसाठी एक माणूस पूर्णवेळ लागतो. दहा माणसांच्या शेडमध्ये तो अकरावा. मशीन चालवणारा मिळतो, पण तीन पद्धतींची पोर्टलं बिनचूक सांभाळणारा टिकत नाही, ही तक्रार औद्योगिक वसाहतीत सर्रास ऐकू येते. खरेदीदाराने डेटा एंट्रीचं काम स्वतःच्या कचेरीतून उचलून पुरवठादाराच्या कचेरीत ठेवलं आहे, आणि त्याचा मोबदला दरात धरलेला नाही.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पोच ही आहे, कारण पैशाचं घड्याळ तिच्यापासून सुरू होतं.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा कायदा म्हणतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. हे दिवस मोजायचे कधीपासून? कायद्यात तेही आहे: माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस. खरेदीदाराची हरकत असेल तर ती त्याने पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवायची, आणि मग ती हरकत दूर झाली तो दिवस धरायचा. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचल्याच्या दिवसापासूनच मान्य झाला असं धरायचं. एवढं स्पष्ट कलम फार थोड्या कायद्यांत असेल.

व्यवहारात काय होतं? टेम्पो आत जातो, गेटवर चलनाच्या एका प्रतीवर शिक्का बसतो. तो अनेकदा इतका पुसट असतो की तारीख लागत नाही. माल तपासणीसाठी ठेवला जातो. तपासणी झाली की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची खरेदीदाराकडची नोंद, होते, ती चार दिवसांनी की बारा दिवसांनी, हे पुरवठादाराच्या हातात नाही. काही ठिकाणी त्यानंतर बिल लेखा विभागात नोंदवलं जातं आणि दिवस तिथून मोजले जातात. बिल महिनाअखेरीला गेलं तर पुढच्या महिन्याच्या हप्त्यात. कायद्याचे ४५ दिवस आणि खरेदीदाराच्या सॉफ्टवेअरमधले ४५ दिवस वेगळ्या तारखांपासून सुरू होतात, आणि चालतात ते दुसरे. समजा दहा लाखांचं बिल एक महिना जास्त अडकलं आणि बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज ११ टक्के धरलं, तर नऊ हजार रुपये नुसते वाट पाहण्यात गेले. जॉबवर्कवाल्याला त्या बिलात सुटणाऱ्या पैशांतून हे जातात.

नाकारलेल्या मालाचंही तसंच. पाचशे नगांतले चाळीस नग नाकारले, हे पुरवठादाराला तीन महिन्यांनी डेबिट नोटवरून, म्हणजे पैसे कापल्याच्या कागदावरून, कळतं. नग परत येत नाहीत, कारण म्हणून एक कोड लिहिलेला असतो, मोजमापाचा अहवाल मागितला तर शोधून देतो असं उत्तर मिळतं. पंधरा दिवसांत लेखी हरकत नाही म्हणजे माल मान्य, हे कलम इथे पुरवठादाराच्या बाजूने उभं आहे. पण हरकत आली नव्हती हे सिद्ध कसं करायचं? न आलेल्या कागदाचा पुरावा नसतो. उलट, माल मिळाल्याचा संदेश बंधनकारक असेल आणि त्यात घेतलेली, नाकारलेली संख्या वेगवेगळी असेल, तर तो संदेश आला की नाही, कधी आला, हे दोन्ही बाजूंच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळेसकट राहतं. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात इलेक्ट्रॉनिक संदेशाची पोच कशी धरायची आणि तो कधी मिळाला असं मानायचं, याची स्वतंत्र कलमं आहेत. म्हणजे कायदा दोन्ही बाजूंनी तयार आहे. मधला संदेश तेवढा नाही.

यावर कुणी म्हणेल, थकलेल्या पैशांची तक्रार करायला सरकारी सुविधा परिषद आहे, ऑनलाइन तक्रारीचं समाधान पोर्टल २०१७पासून आहे. आहे. पण चालू गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करणारा पुरवठादार मला क्वचितच भेटला. ज्याच्या ऑर्डरवर शेडचं भाडं आणि कामगारांचा पगार निघतो त्याच्याविरुद्ध माणूस अर्ज करत नाही. धंदा बंद झाल्यावर करतो. म्हणून मला असा उपाय हवा ज्यात पुरवठादाराला तोंड उघडावं लागणार नाही. १९६१च्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम त्या दिशेने गेलं. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून, सूक्ष्म-लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही. कलम चांगलं आहे. पण तेही मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची या प्रश्नावर उभं आहे, आणि ती तारीख आज खरेदीदाराच्या दप्तरातून येते.

ट्रेड्सचंही असंच झालं. बिलावर आधीच पैसे मिळावेत म्हणून रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने हे मंच उभे राहिले, आणि २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करायला सरकारने ३१ मार्च २०२५ ही मुदत दिली. पण खरेदीदाराने तिथे बिल मान्य केल्याशिवाय कुठलीही बँक त्यावर बोली लावत नाही. नोंदणीची सक्ती झाली, मान्यतेची नाही. मालाची पोच वेळेवर आणि ठरलेल्या नमुन्यात आली तर मान्यतेला टाळाटाळ करायला जागा फार थोडी उरेल.

आता आक्षेपांकडे येतो. लहान उद्योगाला हे झेपणार नाही, हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि तो मला जुन्या काळातला वाटतो. एकेकाळी ईडीआय, म्हणजे असे ठरलेले संदेश कॉम्प्युटरमधून कॉम्प्युटरला पाठवणं, खरंच महाग होतं. खासगी नेटवर्कमधून संदेश जात आणि अक्षरांच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. आज साध्या इंटरनेटवरून सुरक्षित संदेश पाठवायचं एएस-२ हे मानक २००५पासून उपलब्ध आहे. आणि ई-इनव्हॉइसचा अनुभव ताजा आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये ५०० कोटींपासून सुरुवात झाली, तीन वर्षं पुरी व्हायच्या आत मर्यादा पाच कोटींवर आली, आणि तेव्हाही झेपणार नाही म्हणणारे होतेच. झालं इतकंच की लोक वापरत होते त्याच सॉफ्टवेअरमध्ये एक बटण वाढलं. शिवाय मी सक्ती मागतोय ती पाठवणाऱ्या मोठ्यावर. ज्या पुरवठादाराला कागदच बरा वाटतो त्याने तो छापून फाइलला लावावा, त्याच्यावर काही नवं लादायचं नाही.

दुसरा आक्षेप तरुण सॉफ्टवेअरवाल्यांचा: आता एपीआयचा, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी थेट बोलायच्या जोडणीचा, जमाना आहे, ही मानकं कालबाह्य झाली. संदेश कोणत्या रस्त्याने जातो आणि संदेशात काय लिहिलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता नवा घ्या, त्याला कुणाची ना नाही. पण प्रत्येक कंपनीने स्वतःच्या रकान्यांचं स्वतःचं एपीआय काढलं तर तीन पोर्टलांच्या जागी तीन एपीआय येतील आणि जोडणीचा खर्च पुन्हा पुरवठादाराच्याच माथी.

तिसरा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. बिलासारख्या ऑर्डरीही सरकारी यंत्रणेतून जायला लागल्या तर कोण कुणाकडून काय दराने घेतं हे सगळं एका ठिकाणी गोळा होईल. हे मलाही नको. करासाठी लागतं तेवढं सरकारकडे जातंच, ऑर्डर आणि शेड्यूल हा दोन धंद्यांमधला खासगी मामला आहे. यावर युरोपात वापरात असलेली पेपोल या कागद-देवाणघेवाणीच्या जाळ्याची रचना पाहण्यासारखी आहे. तिथे खरेदीदार आपला सेवादाता निवडतो, पुरवठादार आपला निवडतो, आणि ते दोन सेवादाते एकमेकांशी ठरलेल्या नमुन्यात बोलतात. मध्ये एकच मोठं गोदाम नसतं. बेल्जियमने १ जानेवारी २०२६पासून धंद्या-धंद्यांतली बिलं याच मार्गाने बंधनकारक केली. सरकारचं काम नमुना ठरवण्याचं आणि तो पाळला जातो की नाही हे बघण्याचं. टपाल उघडून वाचण्याचं नव्हे.

मानकांच्या बाजूने बोलणाऱ्याने एक गोष्ट लपवू नये. एक्स-१२ आणि एडिफॅक्ट असूनही जगभरात पुरवठादारांचा त्रास संपला नाही, कारण मानकात ऐच्छिक रकाने इतके ठेवले गेले की प्रत्येक मोठ्या खरेदीदाराने त्यातून आपापला अर्थ काढून आपापली पुस्तिका छापली. नाव एक्स-१२, पण हा पुरवठादार त्या गिऱ्हाइकाला चालणारा संदेश या गिऱ्हाइकाला पाठवू शकत नाही. म्हणून आपल्याकडे नुसतं मानक स्वीकारलं म्हणून भागणार नाही. देशासाठी एकच, छोटा, काटेकोर नमुना लागेल. बंधनकारक रकाने थोडे आणि त्यात भर घालायला बंदी. जीएसटीच्या बिलाबाबतीत आपण हे करून दाखवलं आहे. तो नमुना यूबीएल आणि पेपोल या आंतरराष्ट्रीय नमुन्यांवर बेतलेला आहे. यूबीएल २०१५पासून आयएसओ मानक आहे आणि त्याच कुटुंबात ऑर्डर, ऑर्डरला होकार, माल पाठवल्याची सूचना आणि माल मिळाल्याची पोच, हे सगळे कागद तयार आहेत. आपण त्यातून बिल तेवढं उचललं, कारण कर बिलावर लागतो. राजकोषाची गरज भागली आणि काम तिथेच थांबलं. पुरवठादाराची गरज पुढच्या कागदांची होती.

कारखान्यांबाहेरही बघा. लातूर-धाराशिवकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आता सोयाबीन आणि तूर थेट प्रक्रिया उद्योगांना विकायला लागल्या आहेत. दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची केंद्राची योजना २०२०ची. गावातल्या काट्यावर तोलून, आर्द्रता मोजून ट्रक भरला जातो. कारखान्याच्या गेटवर पुन्हा काटा, पुन्हा आर्द्रता, माती-काडी, डागी दाणे, आणि मग कटती. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के आर्द्रतेची अट असते. २०२४च्या हंगामात ती १५पर्यंत शिथिल करावी लागली, इतका त्या दोन-तीन टक्क्यांचा प्रश्न मोठा आहे. खासगी गेटवर ते टक्के कुणी, कोणत्या मशीनवर, किती वाजता मोजले, याची नोंद उत्पादक कंपनीच्या सभासदाला कधी दिसते? हिशेबपट्टी आठवड्याने येते आणि तिच्यात नुसती निव्वळ रक्कम असते. ट्रक गेटवर असतानाच वजन, आर्द्रता आणि कटती सांगणारा संदेश उत्पादक कंपनीच्या मोबाइलवर आला, तर पटलं नाही म्हणून ट्रक परत वळवायची संधी तरी राहील. माल रिकामा झाल्यावर मिळालेल्या माहितीचा शेतकऱ्याला काहीच उपयोग नाही. इथे तर पुरवठादार शेकडो सभासदांना उत्तर देणारा असतो, आणि त्या सभासदांचा आपल्या कंपनीवरचा विश्वास या एका कागदावर टिकतो किंवा तुटतो.

मग नेमकं काय करायचं? सुरुवात २५० कोटींवरच्या खरेदीदारांपासून करावी, कारण ट्रेड्ससाठी ती यादी सरकारकडे आहेच. पहिल्या वर्षी दोनच संदेश: माल गेटच्या आत आल्याचा त्याच दिवशी, आणि तपासणीचा निकाल, घेतलेली व नाकारलेली संख्या आणि कारणासह, पंधरा दिवसांच्या आत. निकाल आला नाही तर संपूर्ण माल गेटवरच्या तारखेला मान्य, आणि नंतरची डेबिट नोट ग्राह्य नाही. माल मान्य धरायचं हे २००६च्या कायद्यातलं कलम सांगतंच, त्याला फक्त नियमावलीची जोड हवी. ऑर्डर आणि शेड्यूल दुसऱ्या वर्षी, प्रत्येक बदलाला क्रमांक आणि वेळ देऊन, म्हणजे जुना आकडा पुसला जाणार नाही. आणि पोर्टल ज्याला ठेवायचं त्याने खुशाल ठेवावं; पण ई-इनव्हॉइसमध्ये दिलेली माहिती पुरवठादाराकडून पुन्हा टाइप करून मागायला मनाई असावी.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसायचंही कारण नाही. मसिआ आणि सीएमआयए या आपल्या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटना वीजदर, रस्ते, पाणी, कचरा यांवर वर्षानुवर्षं निवेदनं देत आल्या आहेत आणि त्यांचं सरकारदरबारी ऐकलंही जातं. सभासदांच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या एएसएनचे रकाने एकत्र मांडून त्यातले सामाईक कोणते, हे एका तक्त्यात आणणं संघटनेच्या आवाक्यातलं काम आहे. हा तक्ता हातात असला की आपल्याकडच्या मोठ्या पुरवठादारांशी पहिलं बोलणं करता येईल, कारण ते स्वतः वरच्याचा त्रास भोगतात आणि खालच्याला तोच देतात. त्यांनी आपल्या खालच्या जॉबवर्कवाल्यांना या सामाईक नमुन्यात पोच द्यायला सुरुवात केली, तर दिल्लीकडे मागणी नेताना संघटनेच्या हातात निवेदनासोबत चालू असलेली पद्धत असेल.